पँथालासाचे पाच दिवस

आमच्या घरात समुद्र कोणीच पाहिला नव्हता. आईचे माहेर नागपूरचे, अण्णांचे घराणे तीन पिढ्यांपासून जबलपूरचे, आणि नलूताई व मी खमरियाच्या फॅक्टरी-वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढलेलो. सर्वांत मोठे पाणी म्हणून आम्हांला ठाऊक होती ती पावसाळ्यातली नर्मदा, आणि तिलाही पलीकडचा काठ होताच. असे असूनही आमच्या घरावर सत्ता चालत होती ती एका समुद्राची. तो नकाशात सापडत नसे. माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, पृथ्वीवरची सगळी जमीन एका जागी चिकटून एकच प्रचंड खंड झालेली असताना, त्या खंडाला चहूबाजूंनी वेढून तो पसरला होता. त्याचे नाव पँथालासा, आणि आमच्या घरी ते नाव रॉकेल, साखर, भोंगा या शब्दांइतक्याच सहजपणे उच्चारले जाई.

अण्णा फॅक्टरीत लेथवर काम करीत. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आवाज इतका हळू की भाजीवालाही त्यांना दोनदा विचारी. लग्नाच्या आधी केव्हातरी त्यांना रद्दीच्या दुकानात पृथ्वीच्या इतिहासावरचे एक जाडजूड पुस्तक मिळाले होते. त्याचे मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पाने फाटलेली असल्यामुळे ते कोणी लिहिले हे अण्णांना कधीच कळले नाही, आणि देवाने लिहिले नसावे एवढेच ते खात्रीने सांगत, कारण त्यात चुकांची यादी जोडलेली होती. सकाळचा भोंगा झाला की अण्णा डबा घेऊन सायकलीने निघत, संध्याकाळचा भोंगा झाला की परत येत, हातपाय धूत, आणि पाटावर बसले की फॅक्टरी मागे पडून पँथालासा सुरू होई.

जेवणाची ती वेळ मला अजून जशीच्या तशी आठवते. स्टोव्हचा घरघराट, शेजारच्या तिवारीजींचा रेडिओ, आणि ताटात आईचा गोळाभात. अण्णा भाताचा ढीग एका बाजूने खोलगट करून त्याला चंद्रकोरीसारखा आकार देत आणि भोवती वरण ओतून घेत. "हा सगळा भात म्हणजे जमीन. तेव्हा एवढीच होती, एकसंध. आणि वरण म्हणजे पँथालासा. ही इथे आत घुसलेली खाडी आहे ना, ती टेथिस. आपण इथे खाली, दक्षिणेच्या बाजूला." मग एक लिंबाची बी भातावर ठेवून ते म्हणत, "हे जबलपूर."

आई हे लग्नापासून ऐकत आली होती. ती म्हणे, "अहो, तो समुद्र आटला ना? मग वरण काहून थंड करून राहिले? जेवा आधी."

एकदा मात्र तिने ताटाकडे नीट वाकून पाहिले आणि विचारले, "म्हणजे तेव्हाही समुद्र आपल्याजवळ नव्हताच?"

अण्णांनी बीकडे पाहिले. बी काठापासून दूर, भाताच्या पार आत होती. "नव्हता," ते हळूच म्हणाले. "बराच लांब होता."

"मग आपलं काय चुकलं म्हणते मी," आई म्हणाली, आणि तिने त्यांच्या जबलपूरवर तूप वाढले.

मी तेव्हा अकरावीत होतो. त्या वयात वडिलांच्या ज्ञानाची मला लाज वाटत असे, हे आज लिहिताना मला जड जाते. पण हे प्रकरण मी स्वतःची बाजू मांडण्यासाठी लिहायला घेतलेले नाही. मित्रांचे वडील क्रिकेटवर बोलत, बढतीवर बोलत. माझे वडील बोलत ते अशा पाण्यावर, ज्यात कोणी कधी अंघोळसुद्धा केली नव्हती. त्यातच मला अण्णांची जुनी सायकल मिळाली होती. तिचे मडगार्ड गंजून इतके खाल्ले गेले होते की त्यातून चाक दिसे. शाळेच्या फाटकाशी पोरे ओरडत, "हटो हटो, कबाड़ी एक्सप्रेस आ रही है!" आणि मी उतरून ती भिंतीच्या मागे लावीत असे.

वसाहतीतल्या मराठी मंडळाचा गणपती दहा दिवसांचा असे आणि त्यापुढे दरवर्षी देखावा मांडला जाई. मंडळाचे अध्यक्ष मोघेकाका. ते फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचे आजोबा पुण्याहून आले होते, परंतु काकांच्या बोलण्यावरून ते स्वतःच काल संध्याकाळच्या गाडीने आले असावेत असे वाटे. देखावा त्यांचा पुतण्या करी, आणि तो दरवर्षी थर्माकोलचे मंदिर करी. एके वर्षी कळस डावीकडे असे, दुसऱ्या वर्षी उजवीकडे. अण्णा दर वर्षी बैठकीत हात वर करून सुचवीत की यंदा आपण प्राचीन महासागर दाखवावा. हात वर गेल्याचे सर्वांना दिसे, आवाज मात्र कोणालाच ऐकू येत नसे. असे अकरा वर्षे चालले. बाराव्या वर्षी पुतण्याची बदली झाली, आणि अण्णांचा हात एकटाच वर राहिला.

"ठीक आहे," मोघेकाका म्हणाले. "पण एकच वर्ष. पाचव्या दिवशी फॅक्टरीचे बडे साहेब सहकुटुंब आरतीला येणार आहेत, त्यांना तुम्हीच सगळं समजावून सांगायचं. जमलं तर पुढे बघू. फसलं, तर पुन्हा हात वर करायचा नाही. बोला."

अण्णा बोलले. कोणाला ऐकू आले नाही, पण ते हो म्हणाले असावेत.

त्या दिवसापासून आमच्या घरी सणाचे वातावरण पसरले. अण्णांनी रांझीच्या टिनवाल्याकडून सहा फूट व्यासाची, वीतभर खोल अशी पत्र्याची गोल परात करून आणली, तो पँथालासा. खंड प्लास्टरचा करावा असे सर्वांचे मत होते, पण अण्णांनी ते मानले नाही. देवापुढे दहा दिवस जे मांडायचे ते शेवटच्या दिवशी देवाबरोबर विसर्जित झालेच पाहिजे, आणि प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे खंड असा हवा, की जो दहा दिवस पाण्यात उभा राहील आणि अकराव्या दिवशी पाण्यात विरून जाईल. जगात बहुधा कोणत्याच शिल्पकारापुढे ही अट नसेल. अण्णांना मात्र तीत काही अवघड वाटले नाही. त्यांनी नर्मदेच्या काठची चिकणमाती आणली, तीत कापूस कुटून आणि डिंकाचे पाणी घालून ती आठ दिवस रोज मळली, बांबूच्या कामट्या आणि गोणपाट यांच्या सांगाड्यावर थापली, आणि चंद्रकोरीच्या आकाराचा चार फुटांचा महाखंड आमच्या व्हरांड्यात आकाराला आला. आई त्याच्यावरून उडी मारून पाणी भरायला जाई. "एवढी जागा तर आपल्या चौघांना मिळून नाही," ती म्हणे.

मोघेकाका पाहणीला आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी खंडाला प्रदक्षिणा घातली. "यात पुणं कुठे?"

अण्णांनी बराच विचार केला. खोटे बोलणे त्यांना येत नसे. "पुण्याचा खडक अजून वर आला नव्हता," ते म्हणाले. "पृथ्वीच्या पोटातच होता. पुष्कळ नंतरचा आहे तो."

"आणि जबलपूर?"

"जबलपूर होतं."

मोघेकाकांचा चेहरा असा झाला की नलूताई तोंडावर ओढणी धरून आत पळाली. "बरं," ते म्हणाले, "निदान खंडावर एक उंदीर तरी बसवा. वाहन आहे."

"उंदीर अजून झाले नव्हते."

"आणि गणपती झाले होते का?"

"ते अनादी आहेत," अण्णा म्हणाले, आणि अध्यक्षांनी चपला शोधायला घेतल्या.

आता माझा भाग येतो. खंडाची वरची बाजू अण्णांनी स्वतः ऑइलपेंटने रंगवली होती. तळाला मात्र डांबरी काळा रंग हवा होता, कारण पाणी खालून चढते. महाखंड उताणा पाडून दोन दिवस व्हरांड्यात ठेवलेला. अण्णांना फॅक्टरीत ओव्हरटाइम होता. जाताना त्यांनी रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला. "तीन हात द्यायचे. एक सुकला की दुसरा, दुसरा सुकला की तिसरा. तळ आहे, सुधीर. वरचं मी केलंय, पण सगळं तळावर आहे."

मी पहिला हात दिला. तो इतका काळा, इतका तकतकीत दिसला, की मला भिंतीला टेकलेली सायकल आठवली. एक मडगार्ड रंगवून तर पाहावे असे वाटले. एक रंगवल्यावर दुसरे नुसतेच गंजके दिसू लागले. मग चेनकव्हर, मग दांडी, मग कॅरिअर. या सर्वांनाही मी प्रत्येकी तीन हात दिले, एक सुकला की दुसरा, दुसरा सुकला की तिसरा, कारण मला तशी शिकवण होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यात तळाशी चमचाभर रंग उरला. महाखंडाचा तळ एका हातातही काळाच दिसत होता, आणि खंड सुलटा केल्यावर तो पाहणार तरी कोण होते? पृथ्वीच्या पोटात काय आहे हे अण्णांना ठाऊक असेल, पण व्हरांड्यातल्या खंडाच्या पोटात काय आहे हे फक्त मला ठाऊक होते.

अण्णांनी येऊन तळावर बोट फिरवले. "तीन झाले?"

"झाले," मी म्हणालो.

त्यांनी तळाकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही. मग त्यांचे लक्ष सायकलीकडे गेले. "उरलेला रंग सायकलला दिलास का? छान केलंस. वाया गेला असता."

पहिल्या दिवशी हॉलमध्ये गर्दी मावेना. परातीत निळीच्या पाण्याचा समुद्र, विटांवर अर्धा बुडलेला हिरवा-तांबूस खंड, त्यात जबलपूरच्या जागी लाल डोक्याची टाचणी, आणि मागे गणपती, जणू हे सर्व आत्ताच करून बसलेले. लोक वाकून वाकून आपापली गावे शोधत. तिवारीजी म्हणाले, "भाईसाहब, हमारा रीवा किधर है?" अण्णांनी टाचणीच्या शेजारी बोट ठेवले. "अच्छा! तब भी पड़ोसी थे!" असे म्हणून तिवारीजींनी अण्णांना मिठी मारली. अण्णा खांबाशी उभे राहून ओठ हलवीत होते. आम्हांला वाटे ते स्तोत्र म्हणत आहेत; ते साहेबांपुढचे भाषण पाठ करीत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा असताना मी सहज डोकावलो, आणि खंडाच्या खालून पाण्यात एक पिवळट धूर येताना मला दिसला. मी वाकून पाहिले. दक्षिणेकडच्या काठाला केसाएवढी भेग होती. त्या क्षणी मी घरी धावत जाऊन सांगितले असते तर अजून वेळ होता. खंड बाहेर काढता आला असता, उन्हात वाळवता आला असता, नवा डबा आणता आला असता. पाचवा दिवस दोन दिवसांवर होता आणि ऊन कडक होते. परंतु सांगायचे म्हणजे सायकलीबद्दल सांगावे लागले असते, आणि त्याच सकाळी शाळेच्या फाटकाशी एक पोरगा म्हणाला होता, "अरे वाह, नई ली क्या?" मी घरी गेलो, आईची निळीची बाटली उचलली आणि निम्मी समुद्रात ओतली. धूर दिसेनासा झाला.

संध्याकाळी अण्णा परातीपाशी थबकले. "पाणी गढूळ वाटतंय का रे?"

"नीळ नीट विरघळली नसेल," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी उरलेली बाटली गेली. आता समुद्र इतका निळा झाला की त्यात हात घालणारी पोरे कोपरापर्यंत निळी होऊन घरी जाऊ लागली, आणि प्रसादाच्या पेढ्यांवर निळे ठसे उमटू लागले. घरी आई प्रत्येक फळी धुंडाळत होती. "काहून रे, निळीची बाटली कुठे गेली? तुझ्या बापाचे पांढरे शर्ट पिवळे होऊन राहिले." नलूताई दारात उभी राहून माझ्याकडे, मग सायकलीकडे, मग माझ्या निळ्या नखांकडे पाहत होती. "आई," ती म्हणाली, "आपल्या घरात सध्या सगळंच फार चमकून राहिलंय, नाही?" तिला सर्व कळले होते. तिनेही सांगितले नाही. माझ्याकडून तिने पुढची दोन वर्षे रोज पाणी भरून घेतले.

पाचव्या दिवशी बडे साहेब आले, बरोबर मेमसाहेब. हॉलबाहेर बूट काढून साहेब पांढऱ्याशुभ्र मोज्यांत आत आले आणि परातीशी, अगदी पुढे, उभे राहिले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आरतीनंतर ते बोलणार होते. हातातली चिठ्ठी त्यांनी इतक्या वेळा घडी केली होती की ती आता पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली होती.

आरती सुरू झाली. चाळीस माणसे, झांजा, दोन ढोल, आणि साहेबांना दिसावे म्हणून प्रत्येकाचा जोर दुप्पट. जमीन थरथरू लागली. दुसरी आरती रंगात आली आणि परातीतून एक आवाज झाला, फुगलेली भाकरी मोडावी तसा. पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मग मागच्या. महाखंडाची दक्षिण बाजू उत्तरेपासून सुटून खाली बसली. मग तिचेही दोन तुकडे झाले. आणि मग एक छोटा त्रिकोणी तुकडा, ज्याच्यात मातीपेक्षा कामट्या आणि गोणपाटच जास्त होते, वर आला, तरंगू लागला, आणि जबलपूरची लाल टाचणी डोक्यावर मिरवीत, सावकाश, कोणाच्याही परवानगीवाचून, निळ्या समुद्रातून उत्तरेकडे निघाला. परातीच्या पलीकडच्या काठाला जाऊन तो साहेबांच्या पुढ्यात टेकला.

ढोलवाल्याचा हात हवेत राहिला.

"वाह!" साहेब म्हणाले. "ये तो चलता भी है!"

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मेमसाहेबांनी वाजवल्या. मोघेकाका एका ढांगेत पुढे आले. "जी साहब, हमारा मंडल हर साल कुछ नया..."

अण्णांना फक्त गप्प राहायचे होते. एवढे केले असते तर त्या वर्षीचाच काय, पुढच्या वीस वर्षांचा देखावा त्यांचा होता. मी भिंतीशी उभा राहून मनात म्हणत होतो, गप्प राहा, अण्णा, देवासाठी गप्प राहा. मी स्वतः ते किती उत्तम करीत होतो!

"नहीं साहब," अण्णा म्हणाले. आश्चर्य म्हणजे ते सर्वांना ऐकू आले. "ये चलने के लिए नहीं बनाया था. ये टूट गया है. दस दिन टिकना चाहिए था." मग त्यांनी त्या त्रिकोणी तुकड्याकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "लेकिन साहब, टूटा बिलकुल सही जगह से है."

आणि ते बोलू लागले. चिठ्ठी त्यांनी उघडलीच नाही. हाच तुकडा असाच सुटला, असाच उत्तरेला निघाला, समोरचा टेथिस समुद्र त्याने पुढे पुढे मिटवत नेला, आणि शेवटी तो जाऊन धडकला तिथे हिमालय उभा राहिला. त्याच्या मागे जी जागा उघडत गेली तिथे नवे पाणी शिरले, आणि पुढे तोच आपला हिंदी महासागर झाला. पँथालासा कुठे गेला, साहेबांनी विचारले. तो आकसत गेला, अण्णा म्हणाले, त्याचे जे उरले त्यालाच आपण आज प्रशांत म्हणतो, आणि उरलेले तेच जगातले सर्वांत मोठे पाणी आहे. अर्धा तास ते बोलत होते. प्रसाद गार झाला, निरांजने विझली, कोणी हलले नाही. मी माझ्या वडिलांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असे म्हटले तरी चालेल.

तोवर परातीच्या सांध्यातून झिरपलेल्या निळ्या पाण्याने साहेबांचे मोजे घोट्यापर्यंत रंगवले होते आणि मोघेकाकांच्या धोतराचा काठ चार बोटे निळा झाला होता. साहेब हसत हसत गेले. ते खूश झाले होते हे मोघेकाकांनी कधीच मान्य केले नाही; मोठी माणसे रागावली की हसतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. "माती कच्ची होती तुमची," ते म्हणाले. "मी प्लास्टर म्हणत होतो. ठरलं होतं काय ते लक्षात आहे ना?"

"आहे," अण्णा म्हणाले. "माझी मातीच चुकली असेल. रंग तर तीन हात होता."

मी तेव्हा शाळेला निघालो होतो. दोघांपासून चार पावलांवर, सायकलीचे हँडल धरून. ती चार पावले मी त्या दिवशी चाललो नाही, आणि मग ती मोजता येईनात इतकी लांबली. अनंत चतुर्दशीला महाखंडाची उरलेली ढेकळे गोणीत भरून माझ्याच काळ्या कुळकुळीत कॅरिअरवर बांधली आणि तळ्यात शिरवायला नेली. अण्णा मागून गोणीला हात लावून चालत होते. पाण्यात ती काही क्षणांत विरघळली. "विसर्जन मात्र बरोबर झालं," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी थर्माकोलचे मंदिर परतले. अण्णांनी पुन्हा हात वर केला नाही. त्यांनी केले ते वेगळेच. श्रावण लागला की ते चिकणमाती मळत, तसाच कापूस, तसाच डिंक, तिचा नारळाएवढा गोळा करून त्याच्या तळाला डांबरी रंगाचे तीन हात देत, आणि न्हाणीघरातल्या बादलीत ठेवून देत. भिंतीवर पेन्सिलीने दिवस मोजत. दहा दिवस होत. पंधरा होत. गोळा शाबूत. अण्णा तो काढून उलटसुलट पाहत आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. एका वर्षी त्यांनी पाण्यात नीळ घातली, न जाणो निळीने रंग सुटत असेल. एका वर्षी बादलीशेजारी बसून त्यांनी परात बडवली, ढोलाचा परिणाम पाहण्यासाठी. तिवारीजींना वाटले घरात साप निघाला. आई म्हणे, "माझी एक बादली लग्नात आली अन् एक तुमच्या लाडवात गेली. मी कपडे कशात भिजवू?"

मी हे पाहत मोठा झालो. पुढे बांधकाम खात्यात अभियंता झालो. नवा पूल दिसला की खाली उतरून चिखलात उभा राहून तळ तपासणारा अधिकारी म्हणून माझी चेष्टा होते, आणि ती मी ऐकून घेतो. आईअण्णांना मी पहिल्यांदा कोकणात समुद्र दाखवायला नेले तेव्हा आईने पदर खोचून थेट पाण्यात पाय घातले. अण्णा कोरड्या वाळूवर उभे राहून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "चांगला आहे. पण हा नवा आहे." त्या दिवशी सांगावे असे माझ्या फार मनात होते. मी त्यांना नारळपाणी आणून दिले.

अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आईअण्णा जबलपुरातच मदन महलच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहतात, मी जवळच. बादली आता बाल्कनीत असते. दिवस आता भिंतीऐवजी वहीत मोजतात, आणि डोळे अधू झाल्यापासून ती वही मी लिहितो. गेल्या श्रावणात एका सकाळी त्यांनी मला सांगितले, "लिही, दिवस सतरावा, गोळा शाबूत." मी लिहिले. मग ते म्हणाले, "सुधीर, एक तुला कधी विचारलंच नाही. तू तळाला तीन हात दिलेस, तेव्हा पहिला ओला असतानाच दुसरा दिला होतास का रे?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. माझ्याकडून झालेली चूक फार तर एवढीच असू शकेल, अशी त्यांची कल्पना होती.

"एकच हात दिला होता, अण्णा," मी म्हणालो. "बाकीचा सगळा रंग सायकलला दिला. उरलेला नव्हता तो."

स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मी वहीतल्या सतरा आकड्याकडे पाहत होतो.

"सायकल आहे का अजून?"

"आहे. जिन्याखाली."

"गंजली?"

"नाही. मडगार्डला डागसुद्धा नाही."

त्यांनी मान डोलावली. "म्हणजे रंग चांगला होता." मग साहेबांपुढे त्रिकोणी तुकड्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आले होते, ते मला पुन्हा दिसले. "आणि माती बरोबर होती."

"माती बरोबर होती, अण्णा."

"पहिल्या दिवसापासून बरोबर होती." ते खुर्चीत वळले आणि त्यांनी हाक मारली, आता त्यांचा आवाज साऱ्या फ्लॅटला ऐकू जातो. "अगं, ऐकलं का? माझी माती बरोबर होती! ही बादली घेऊन जा तुझी."

आई हात पुसत दारात आली. तिने बादलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटते, तिला काही विचारायचे राहिले नाही. "आता काहून?" ती म्हणाली. "आता तर मशीन आहे. अन् हा लाडू कुठे ठेवता?"

अण्णांनी गोळा बाहेर काढला, टॉवेलने पुसला, आणि उलटा करून, काळा तकतकीत तळ वर येईल असा, माझ्या दोन्ही हातांत ठेवला.

"सुधीर शिरवून येईल तळ्यात," ते म्हणाले. "कॅरिअरवर बांधून."

दुसऱ्या दिवशी मी गाडी घरी ठेवली आणि जिन्याखालून सायकल काढली.